नाताळच्या पंगतीसाठी आणलेले मासे

बायबल शाळेतून बाहेर पडल्यावर देवरी तालुका मी स्वतःहून मागून घेतला होता. आमच्या संस्थेचं त्या भागात कोणीच नव्हतं. बाकीच्या मुलांनी पुणे, नाशिक अशी ठिकाणं मागितली आणि मी जंगलाचा भाग मागितला, याचा मला फार अभिमान होता. वय तेवीस, लग्न व्हायचं होतं, आणि दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती.

महामार्गावर बस सोडली की आत थोडं चालून एक गाव लागायचं. मोठा तलाव, पाळीवर जांभळाची झाडं, खाली धानाची शेतं. तिथल्या एका पोवार जातीच्या शेतकऱ्याने मागच्या अंगणातली खोली मला भाड्याने दिली. देताना स्पष्ट सांगितलं, ‘‘राहाले काही हरकत नाही. पन माझ्या घरी लोकं जमवून भजन-प्रार्थना करू नोका. मले गावात राहाचं आहे.’’

पहिले काही महिने माझं कोणी ऐकलं नाही. म्हणजे लोक ऐकायचे, पण माझ्या बोलण्यातला ‘करताय, जाताय’ ऐकून पोरीबाळी हसायच्या. बाजाराच्या दिवशी मी झाडाखाली उभा राहून शुभवर्तमान सांगायचो. म्हातारी माणसं बिडी संपेपर्यंत थांबायची आणि उठताना विचारायची, ‘‘काऊन आले एवढ्या दूर? तिकडं काम नाही भेटलं का?’’ त्यांना ते खरंच जाणून घ्यायचं असायचं. ते मला फादर म्हणायचे. मी फादर नाही, साधा प्रचारक आहे, असं सांगून सांगून थकलो आणि सोडून दिलं.

माझ्याकडे पहिल्यांदा कोणी आपणहून आलं असेल तर ती मासे विकणारी बाई. जातीने ढीवर, विधवा, पन्नाशी ओलांडलेली. तलावात जाळं टाकायचं आणि बांबूच्या टोपलीत मासे घेऊन दारोदार फिरायचं, हे तिचं रोजचं. माझ्या मालकांच्या घरी ती पुढच्या दाराने येत नसे. मागच्या अंगणात, माझ्या खोलीसमोर टोपली उतरवायची.

‘‘तू फादर ना? मंग बायको कुठं आहे तुझी?’’ तिने विचारलं.

‘‘लग्न झालं नाही, मावशी.’’

‘‘लगन नाही झाला अन् फादर कसा झाला?’’ असं म्हणून ती इतकी हसली की मालकीण बाहेर येऊन बघून गेली.

मी स्वयंपाक करताना गीतं म्हणायचो, ती तिला आवडायची. एकदा तिने अर्थ विचारला. मी तिला सांगितलं की प्रभूने पहिल्यांदा ज्यांना हाक मारली ते तळ्यावरचे मासेमारी करणारे होते.

ती थांबली. ‘‘आमच्यासारखे?’’

‘‘अगदी तसेच. जाळी धूत बसले होते.’’

‘‘मंग त्याईच्या हातचं खाल्लं का त्यानं?’’

‘‘खाल्लं. भाजलेला मासा खाल्ला, असं शास्त्रात लिहिलंय.’’

तिने टोपली डोक्यावर घेतली आणि निघाली. पण पुढच्या रविवारी तिने मला आपल्या घरी बोलावलं. तलावाच्या पाळीखाली तिचं घर होतं. तिची जाऊ आणि तिची लग्नाची मुलगी, अशा दोघी आत येऊन बसल्या होत्या. त्या दिवसापासून दर रविवारी आम्ही चौघं तिथे बसायचो. मावशीचा आवाज मोठा आणि मोकळा होता. ‘‘मी देवाले कायले भेऊ? त्यानं ढीवराचं खाल्लं,’’ असं ती शेजारणींना सांगायची. त्या दिवसांइतका सुखी मी नंतर कधी झालो नाही.

जिल्ह्याच्या गावी, गोंदियात, आमची मंडळी म्हणजे चर्च होतं. रेल्वेतले नोकर, शिक्षक, नर्सबाई, काही छत्तीसगडकडून आलेली घरं. उपासना हिंदीतून चालायची. तिथले मुख्य वडील, म्हणजे मंडळीचे पुढारी, निवृत्त अधिकारी होते. मी तिघींबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी मला मिठी मारली. म्हणाले, ‘‘नाताळ को लेके आओ. सब देखेंगे तो सबका विश्वास बढ़ेगा.’’

मी मावशीला निरोप दिला. तिने एवढंच विचारलं, ‘‘जेवन राहील ना? मंग रिकाम्या हातानं कसं जावाचं?’’

नाताळच्या सकाळी ती मरळ मासे घेऊन आली. मरळ म्हणजे त्या तलावातला सगळ्यात चांगला मासा. आदल्या दिवशी धरून तिने ते घमेल्यात पाण्यात जिवंत ठेवले होते. टोपलीत ओला कपडा, वर पळसाची पानं. तिघींनी नवी लुगडी नेसली होती. बसमध्ये कंडक्टर कुरकुरला. ती त्याला म्हणाली, ‘‘देवाच्या घरी चालले हे मासे, गुमान बस तू.’’ सगळी बस हसली. मीही हसलो.

चर्चच्या फाटकावर त्या मुख्य वडिलांच्या पत्नी उभ्या होत्या. ‘‘आओ, आओ’’ म्हणाल्या आणि लगेच त्यांच्या नाकाला वास लागला. त्यांनी एका मुलाला टोपली मागे ठेवायला सांगितलं. आत पुढचे बाक रिकामे होते. आम्ही तिकडे वळलो तेव्हा एका गृहस्थाने मागे अंथरलेल्या सतरंजीकडे हात केला. ‘‘इनको नीचे बैठने की आदत है, आराम से बैठेंगी.’’ मी त्यांच्याबरोबर खाली बसलो. थोड्या वेळाने वडिलांनी मला पुढे बोलावलं आणि तिघींना उभं केलं. ‘‘जंगल से आई हुई हमारी बहनें,’’ असं ते म्हणाले. टाळ्या वाजल्या. मावशीने हात जोडले. तिला वाटलं, माशांसाठी टाळ्या वाजल्या.

जेवण मांडवात होतं. आम्ही पहिल्या पंगतीत बसायला गेलो तर वडिलांच्या पत्नीने थांबवलं. बाहेरचे लोक दुसऱ्या पंगतीला बसतील, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, मासे केले का. आवाज न चढवता, अगदी समजावून सांगितल्यासारखं त्या म्हणाल्या, ‘‘वो कैसे पकाते, भैया? किसके हाथ का है, क्या पता. और खाना तो सब केटरर का है.’’

मावशी माझ्या शेजारीच उभी होती. हिंदी तिला बोलता येत नसे, पण बाजारात बसणाऱ्या बाईला समजत सगळं असे.

ती मांडवामागे गेली. टोपली नळाजवळ उन्हात पडली होती आणि एका कुत्र्याने एक मासा ओढून बाहेर काढला होता. तिने कुत्र्याला हाकललं, उरलेले मासे नळाखाली धुतले, कपडा पिळून परत झाकला आणि टोपली डोक्यावर घेतली.

‘‘कुठे निघालात, मावशी?’’

‘‘बाजारात. खराब होऊन जातील ना.’’

‘‘जेवून तरी जा.’’

‘‘तू जेव.’’

मी मुलीला हाक मारायला वळलो तर ती आणि तिची काकी दुसऱ्या पंगतीत बसल्या होत्या आणि पत्रावळीवर भात पडत होता. मावशीनेच मला अडवलं. ‘‘जेवू दे तिले. भूक लागली तिले.’’

मी मावशीच्या मागे बाजारात गेलो. मासेवाल्यांच्या ओळीच्या टोकाला तिने जागा केली आणि गावात ओरडायची तसंच ओरडून मासे विकले, गिऱ्हाइकांशी हुज्जत घातली, एका बाईशी थट्टाही केली. नाताळसाठी शिवलेला नवा शर्ट घालून मी तिथे उभा होतो. लोक माझ्याकडे बघून वाट काढत जात होते.

परतीच्या बसमध्ये मुलगी आणि जाऊ झोपल्या. मावशी खिडकीशी बसली होती. तिने विचारलं, ‘‘ते बाईसाहेब कोन्या जातीच्या?’’

‘‘आमच्यात जात नसते, मावशी,’’ मी म्हणालो. शिकवलेलं वाक्य होतं, तोंडून निघून गेलं.

‘‘असं,’’ ती म्हणाली आणि बाहेर बघत राहिली.

दोनच दिवसांनी मी गोंदियाला जाऊन वडिलांशी भांडलो. मी म्हणालो, माझ्या आजोबांना ओंजळीत वरून ओतलेलं पाणी प्यावं लागायचं, म्हणून ते या धर्मात आले. तुम्ही त्या बाईला पुन्हा तिथेच उभं केलंत. ते चिडले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘‘मेरे दादा को भी वैसे ही पीना पड़ता था,’’ ते म्हणाले. ‘‘इसीलिए कहता हूँ, अब पीछे मत देखो. हर बात में जात मत ढूँढो.’’ मग चहा मागवला. मी तो चहा घेतला नाही. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

त्या रविवारी मी मावशीच्या घरी गेलो. दार उघडं होतं, चटई टाकलेली होती, घरात कोणी नव्हतं. तलावात लांबवर तिघी दिसत होत्या. मी एकट्याने गीत म्हटलं आणि उठलो. त्यानंतरच्या रविवारी चटईही नव्हती.

ती माझ्याशी कधी वाकडं बोलली नाही. मागच्या अंगणात टोपली उतरवायची, माझ्या गावाकडच्या आईची तब्येत विचारायची, लहान मासे पैसे न घेता देऊन जायची. त्या दिवसाचा विषय तिने काढला नाही. गावाला मुलीकडून कळलं. मालक एकदा मला गोठ्याजवळ भेटले आणि म्हणाले, ‘‘आयकलं मी. आम्ही बी तिले वसरीवर येऊ देत नाही, खोटं कायले बोलू. पन आम्ही तिले कधी बलावून नेलं नाही.’’

त्या गावात मी पुढे दीड वर्ष काढलं. कोणी आलं नाही. मग मी बदली मागितली आणि लगेच मिळाली. निघालो त्या दिवशी मावशी देवरीच्या बाजाराला गेली होती, भेट झाली नाही.

मी अजून प्रचारकच आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. लग्न झालं, मुलं आहेत. दुसऱ्यांना क्षमा करा, असं दर आठवड्याला लोकांना सांगतो. रोजच्या प्रार्थनेत मीही ज्यांना क्षमा करायची त्या माणसांची नावं एकेक करून घेतो. गोंदियाच्या त्या वडिलांचं आणि त्यांच्या पत्नीचं नाव घ्यायची वेळ आली की मी ते सोडून पुढचं नाव घेतो.