तीन साखळ्या दहा आणे

स्क्रीनवरची लाल रेघ थेट विहिरीतून गेली होती. पाव विहीर अलीकडं, पाऊण पलीकडं. पलीकडं म्हणजे शेजाऱ्याच्या रानात. मी झूम केलं, परत लांब नेलं, चष्मा पुसला. रेघ तिथंच.

“इक्बालभाई, पॉइंट नीट घेतलेत का हो?”

“मॅडम, विहिरीला चार बाजूंनी चार पॉइंट घेतले. मशीन एकदम बरोबर हाय.”

इक्बालभाई माझे फील्डवरचे सर्व्हेअर. रानात मशीन लावून ते बांध, दगड, झाडं, विहिरी यांचे पॉइंट घेऊन येतात. मी सात रस्ता चौकाजवळच्या ऑफिसात बसून ते कॅडमध्ये टाकते, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशा काढते. बावीस वर्षं हेच करतेय, त्यामुळं मला यातलं सगळं कळतं असा माझा समज होता.

काम दुधनीजवळचं. सिद्रामप्पा आणि मल्लिनाथ, बांधाला बांध लागून असलेले शेजारी. विहीर सिद्रामप्पांची. भांडण कसलंच नव्हतं. मल्लिनाथला तारेचं कुंपण घालायचं होतं आणि विहिरीजवळच्या कोपऱ्यावरचा हद्दीचा दगड नांगरटीत कुठंतरी गेला होता. खासगी नकाशाला सरकारी मोजणीचं वजन नसतं, हे मी दोघांना आधीच सांगितलं होतं. पण त्यांनी गावच्या मठात चार माणसांसमोर ठरवून टाकलं: मॅडमचा नकाशा सांगेल तिथं दगड रोवायचा, मागं फिरायचं नाही. मला तेव्हा लई भारी वाटलं होतं.

जुनी हद्द कशी काढतात ते सांगते. पूर्वी जमीन साखळीनं मोजायचे. एक साखळी तेहतीस फुटांची. तिचे सोळा भाग, आणि एका भागाला म्हणायचं आणा. रानाच्या मधून एक सरळ रेघ धरायची आणि तिच्यापासून प्रत्येक कोपरा किती लांब, ते साखळ्या-आण्यांत लिहायचं. त्या कागदाला टिपण म्हणतात. त्याची नक्कल मिळते. त्यातले आकडे मी शीटमध्ये भरते, फॉर्म्युला त्यांचे मीटर करतो, कॅडमध्ये रेघा जोडल्या जातात. मग ती जुनी हद्द आजच्या पॉइंटवर ठेवायची आणि रानात टिकून असलेल्या दगडांशी जुळवायची.

बाकीचे सगळे दगड चपखल जुळले. फक्त हरवलेल्या दगडाचा कोपरा बांधापासून साडेअठरा फूट आत. डोकं पार भंजाळलं. स्केल चुकलं असतं तर सगळेच कोपरे चुकले असते. नकाशा फिरला असता तर सगळाच फिरला असता. एकच कोपरा बिनसतोय आणि बाकीच्यांना नाव ठेवायला जागा नाही, हा काय प्रकार?

आकडे पुसून पहिल्यापासून भरले. तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी परत भरले. तेच. इक्बालभाईंना भर उन्हात पुन्हा दुधनीला पिटाळलं, तर विहीर होती तिथंच घेऊन आले. सिद्रामप्पांचं रान सातबाऱ्यापेक्षा दोन-तीन गुंठे कमी भरत होतं, पण जुन्या क्षेत्रात एवढं इकडंतिकडं असायचंच, अशी मीच माझी समजूत घातली. नक्कल लिहिणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. चहा गार होता म्हणून चहावाल्यावर खेकसले. शेवटी एकच उत्तर उरलं. कागद बरोबर आहे, बांध चुकीचा आहे. कधीतरी कुणीतरी दगड सरकवलाय.

मी फोन लावला. “सिद्रामप्पा, विहिरीपाशी तुमचा बांध जुन्या हद्दीच्या साडेअठरा फूट बाहेर दिसतोय.”

“आन् विहीर?”

“पाऊण पलीकडं जातीय.”

मग म्हणाले, “विहीर माज्या वडलांनी पाडल्याली हाय, मॅडम. मंजी दगड त्यांनीच सरकवला म्हणायचा का?”

मला माहीत नाही, एवढंच म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, “नकाशा तरी तसंच दाखवतोय.” या वाक्याची मला अजून लाज वाटते.

आठ दिवसांनी सिद्रामप्पा ऑफिसात आले. साठीचा माणूस, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. पाणीसुद्धा घेतलं नाही.

“मठात सांगून आलो. बापानं सरकवला असंल, माफ करा म्हणलो. मल्लिनाथ ‘जाऊ दे की’ म्हणला, पर माज्याकडं बघंना झालाय.” त्यांनी पिशवीतून टिपणाची नक्कल काढली. “विहीर घिऊ दे त्याला. पर माजा बाप कुटं चुकला, त्ये मला एकदा दाखवा की.”

मला त्यांच्याकडं बघवेना. शीट उघडली आणि म्हणाले, “तुम्ही वाचा, मी स्क्रीनवर दाखवते.”

ते कागदावर बोट ठेवून वाचू लागले.

“दोन साखळ्या, सात आणे.”

स्क्रीनवर २.७. ठिपक्याआधी साखळ्या, ठिपक्यानंतर आणे, ही माझी लिहायची पद्धत.

“चार साखळ्या, बारा आणे.”

४.१२. बरोबर.

“तीन साखळ्या, धा आणे.”

३.१.

“परत वाचा.”

“तीन साखळ्या, धा आणे.”

“दहाच ना? एक नाही?”

“धा की ओ मॅडम. ह्ये बघा, एकावर शून्य.”

मी तिथंच परत ३.१० टाइप केलं, एंटर दाबलं, आणि स्क्रीनवर ३.१ उमटलं. मी टाइप ३.१० केलं होतं, तिन्ही वेळा. पण त्याच महिन्यात जुना कॉम्प्युटर बसला होता आणि नव्यावर शीट मी नव्यानं बनवली होती. जुन्या शीटमध्ये त्या रकान्याला सांगून ठेवलं होतं की टाइप करीन तसंच ठेव. नव्यात ते सांगायचं राहिलं. शीटला वाटलं हा दशांशाचा आकडा, शेवटचं शून्य बिनकामाचं. तिनं ते उडवलं. दहा आण्यांचा एक आणा झाला. नऊ आण्यांचा फरक, म्हणजे साडेअठरा फूट. अख्ख्या टिपणात दहा आणे फक्त त्या एका कोपऱ्याला होते. आणि टाइप करताना मी कागदाकडं बघते, स्क्रीनकडं नाही.

रकाना दुरुस्त केला, ३.१० टाकलं, नकाशा परत काढला. रेघ बांधावर येऊन बसली. विहीर पूर्ण आत, शिवाय बांधापर्यंत चार फूट जागा.

“सिद्रामप्पा, चूक माझी आहे. तुमच्या वडलांनी काहीही केलेलं नाही. बांध जिथं आहे तिथंच बरोबर आहे.”

मला वाटलं आता ओरडतील. ओरडायलाच हवं होतं. ते स्क्रीनकडं बघत राहिले.

“नक्की?”

माझाच माझ्यावर भरवसा राहिला नव्हता. पेन्सिल आणि पट्टी घेऊन त्यांच्यासमोर कागदावर तो कोपरा हातानं काढला. जुळला. “नक्की,” मी म्हणाले.

“मग लिहून द्या.”

“नवा नकाशा देते की लगेच.”

“नकाशा ऱ्हाऊ दे. चूक तुमची हुती, असं लिहून द्या. मठात वाचायचंय.”

बावीस वर्षांत लेटरहेडवर असलं काही लिहिलं नव्हतं. मागून इक्बालभाई हळूच म्हणाले, “मॅडम, ‘तांत्रिक कारण’ लिहू या का?” मी त्यांच्याकडं असं बघितलं की ते मशीन पुसायला निघून गेले. नकाशा दुरुस्त करायला मला दोन मिनिटं लागली होती, ते पत्र लिहायला तास गेला. सिद्रामप्पांनी ते वाचलं आणि परत माझ्यापुढं सरकवलं.

“दगड कुणी सरकवला न्हाय, ह्ये बी लिवा. आन् वडलांचं नाव घाला.”

घातलं.

रविवारी मी स्वतः दुधनीला गेले आणि मठात त्याच चार माणसांसमोर ते पत्र वाचलं. मल्लिनाथ उठला, पहार घेतली आणि बांधावर जाऊन नवा दगड स्वतःच्या हातानं रोवला. रोवून झाल्यावर म्हणाला, “अप्पा, कुंपणाच्या कामाला उद्या येतायसा न्हवं?”

निघताना सिद्रामप्पा गाडीपर्यंत सोडायला आले. “आट दिस वडलांच्या फोटूला हात जोडलं न्हाय, मॅडम. सकाळी त्या भिंतीकडं बघतच नव्हतो. आता जातो, जोडतो.”

मी गाडीत बसले.

आता ऑफिसात नियम केलाय. टिपण भरून झालं की कागद एकानं वाचायचा आणि स्क्रीन दुसऱ्यानं बघायची. आणि कोपरा जुळला नाही, तर क्लायंटला फोन करण्याआधी मी सगळं एकदा पेन्सिलीनं काढून बघते. रानातला दगड परत रोवता येतो. पण ज्याचं नाव आपण घेतो तो माणूसच गेलेला असेल, तर त्याला फोन करून विचारता येत नाही.