डब्यातला मासा

खाऱ्या पाण्याची माझी पहिलीच छोटी टाकी. तिच्यासाठी मीठ घ्यायला मी सोलापुरातल्या शोभेच्या माशांच्या दुकानात गेलो होतो. पुढे एक म्हातारे काका स्टीलचा डबा दोन्ही हातांनी धरून उभे होते. डब्यात एक नारिंगी मासा होता.

“जोडी नेली होती ना, काका?” दुकानदाराने विचारलं.

“एक मेला. पाणी तयार व्हायच्या आदीच सोडले मी. ह्याला आता हितंच ठिवा, सोबत मिळंल.”

“अहो, काकू गेल्यावर तुम्हाला करमावं म्हणून लेकीनं दिली ना टाकी?”

“व्हय. पण घरात एकटं ऱ्हायला मी हाय की.”

दुकानदाराने टाकीत सोडलेला मासा इतरांत मिसळेपर्यंत ते काचेशी वाकून बघत राहिले. मग रिकामा डबा घेऊन निघाले. त्यांना निदान चहा तरी विचारावा, हे मला ते गेल्यावर सुचलं.