कॅथेड्रलला आधी कोण

माझी मुलगी लग्नानंतर जर्मनीला गेली. तिच्या घराच्या खिडकीतून त्या शहरातल्या जुन्या कॅथेड्रलचे दोन काळपट मनोरे दिसतात. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर तिने ते दाखवले आणि म्हणाली, "मम्मी, तू आली ना, की सबसे पहले तुला इथे नेणार."

त्या दिवसापासून ते कॅथेड्रल माझं झालं. ते बांधायला किती पिढ्या गेल्या, रंगीत काचांमधून ऊन कधी आत येतं, सगळं मी वाचून काढलं. मनोऱ्याच्या जिन्याची सवय हवी म्हणून इकडे लिफ्ट सोडली. आपल्या इंदूरच्या जुन्या चर्चमध्येही जाऊन आले, मेणबत्ती लावतात कशी ते बघायला. परमुलखात आपलं हसं व्हायला नको. माझं ठरलं होतं. मुलीशेजारी उभं राहून, माझ्या हाताने, तिच्यासाठी एक मेणबत्ती लावायची. हे फक्त तिलाच सांगून ठेवलं होतं. देव आपला नसला म्हणून काय झालं, तिच्या घराजवळ तर तोच होता.

मग यंदाच्या सुट्टीचं ठरलं. जावयांची रजा थोडी आणि घर लहान, त्यामुळे माहेर-सासरपैकी एकाच घरचं माणूस जाऊ शकणार होतं. ही बातमी मुलीने फोनवर सांगितली तेव्हा मी नेमकी छत्रीबागेत, विहीणबाईंच्या घरी पोहे खायला बसले होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"आधी तुम्हीच जा," मी विहीणबाईंना म्हणाले. "मुलाची आई तुम्ही, मान तुमचा."

आमच्याकडे मुलीच्या माणसांनी असंच म्हणायचं असतं. आणि समोरच्यांनी "छे छे, तुम्हीच जा" म्हणायचं असतं. मग मी पुन्हा नको म्हणणार, त्या पुन्हा आग्रह करणार, आणि शेवटी अगदी नाइलाज झाल्यासारखी मी जाणार. दोन्ही बाजूंचे संवाद माझ्या मनात तयार होते. विहीणबाई पोह्यांवर शेव घालत होत्या. त्यांचा हात जरा थांबला. म्हणाल्या, "तुम्ही इतकं म्हणता तर जाते मग."

त्यांनी माझ्याही पोह्यांवर शेव घातली. आता बोलायची सोय राहिली नव्हती.

त्याहून वाईट पुढेच होतं. चार-आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. "तुम्हाला तर त्या चर्चचं सगळं मालूम आहे ना? जरा मला प्लॅनिंग करून द्या." मग काय, माझं कॅथेड्रल मी स्वतःच तुकड्या-तुकड्याने त्यांना देऊन टाकलं. प्रार्थना चालू असताना आत फिरू देत नाहीत, सकाळी गर्दी कमी असते, उन्हाळ्यातही आत गारठा असतो. गारठा म्हटल्यावर त्यांनी माझी शालही नेली. मेणबत्तीबद्दल मात्र मी अवाक्षर काढलं नाही. तेवढी तरी माझी राहू दे!

त्या गेल्यापासून मी घरात भांडी आदळत होते. आमचे हे म्हणाले, "इतकं पोटात दुखतंय तर ओवा खा." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

मग एका दुपारी कैऱ्या किसत असताना व्हिडिओ कॉल आला. मुलगी कॅथेड्रलमध्ये उभी होती. शेजारी विहीणबाई, अंगावर माझी शाल. मुलीने त्यांचा कोपर धरला होता. समोर बारीक मेणबत्त्यांच्या रांगा जळत होत्या.

"मम्मी, ही बघ, ही तुझी!" मुलगी कुजबुजत म्हणाली. "मी आईंना बोलले की मम्मीला लावायची होती, तर त्यांनी तुझ्या नावाची लावली. किती छान ना?"

विहीणबाई माझ्याकडे मोठ्या आशेने बघत होत्या.

"नाही," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. "छान नाही. मला माझ्या हाताने लावायची होती. मला आधी यायचं होतं."

"अरे यार मम्मी, काय बोलतेस तू! त्या ऐकतायत ना!"

ऐकू देत, मला वाटलं. विहीणबाईंनी फोन आपल्या हातात घेतला. आता आपली धडगत नव्हती.

"अहो, मला तर यायचंच नव्हतं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "विमानाची किती भीती वाटते मला! पूर्ण रास्ता डोळे मिटून बसले होते. पण सगळ्यांसमोर तुम्ही मान दिलात, आता नाही कसं म्हणायचं? वाटलं, तुम्हालाच बुरं वाटेल."

मी हातातल्या किसणीकडे बघत राहिले. हे ऐकून खरं तर मला त्यांची दया यायला हवी होती, निदान हसू तरी. काहीच आलं नाही. वर्षभर जे मी मनातल्या मनात मागत होते, ते या बाईला न मागता, नको असताना मिळालं होतं. आणि माझी मुलगी अजून त्यांचाच कोपर धरून उभी होती.