वेगाचं चलान आणि आबांची साक्ष

चहा संपेपर्यंत कोणी हसणार नाही असं कबूल करत असाल, तरच सांगतो. कारण कोर्टात जाऊन मी जो पराक्रम करून आलोय, तो आमच्या गावात आजवर कोणी केलेला नाही. आणि कोर्टाच्या बाबतीत आमचं गाव म्हणजे साधंसुधं नव्हे हां!

हातखंब्याच्या अलीकडे आत वळलं की आमची वाडी. इथे प्रत्येक घराचा निदान एक तरी दावा रत्नागिरीच्या कोर्टात चालू असतो. बांधाचा, आंब्याच्या कलमांचा, विहिरीचा, वाटेचा. ज्या घराचा एकही दावा नाही, तिथे मुलगी द्यायची तर लोक दोनदा विचार करतात. जमीनजुमला काहीच नाही की काय ह्यांना?

तर अशा गावात मला वेगाचं चलान आलं. मोबाईल टुणकन वाजला आणि मी बघतो तर काय! हातखंब्याचा तिठा, म्हणजे तीन रस्ते मिळतात तो नाका, ओलांडून रत्नागिरीकडे जाताना मर्यादा पन्नासची, माझा वेग बहात्तर. खाली फोटो. फोटोत माझी स्कूटर, माझं हेल्मेट, माझा नंबर.

बहात्तर? मी?

अहो, तुम्हाला कल्पना नाही मी कोण ते. आमच्या हायस्कूलसमोर ते वळण आहे ना, तिथे गाड्या भरधाव जातात म्हणून निवेदनं कोणी दिली? मी. रस्त्यावर पट्टे मारून घेतले कोणी? मी. दर शनिवारी शाळेत जाऊन मुलांना हात पुढे करायला लावून 'मी कधीही वेगमर्यादा मोडणार नाही' अशी शपथ कोण देतो? मीच! पोरं इतकी तयार झाली होती, की वळणावर एखादी मोटारसायकल जोरात गेली की कुंपणावरून एका सुरात ओरडायची, "काका, शपथ!"

आणि आता मीच बहात्तर?

"भरून टाक गप," आई म्हणाली. "फोनवरून भरता येतो ना दंड?"

"आई, प्रश्न दंडाचा नाही. सत्याचा आहे."

"मग सत्यपण फोनवरूनच भर. भात निवतोय."

पण मी गप्प बसणाऱ्यातला नाही. दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल केला. गुन्हा कबूल केला म्हणजे शनिवारी कुठल्या तोंडाने त्या पोरांसमोर उभा राहणार? मुख्याध्यापिका बाईंना मी फोन करून सांगून टाकलं, "बाई, कोर्टातून निर्दोष सुटेन त्याच दिवशी शाळेत पाऊल टाकेन." बाई म्हणाल्या, "अरे, एवढं कशाला नितीन?" पण माझं ठरलं होतं. कोर्टात लढायचं!

आता त्या दिवशी मी कुठे चाललो होतो? तारीख बघितली आणि आनंदाने उडीच मारली. त्या दिवशी आबांची तारीख होती! आबा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. त्यांचा आणि शेजारच्या सदाकाकांचा काजूच्या बागेतल्या वाटेवरून दावा आहे. विहिरीकडे जाणारी ती वाट आबा म्हणतात माझी, सदाकाका म्हणतात माझी वहिवाट. माझ्या जन्माआधीपासून दोघं भांडतायत. आबांना तारखेला स्कूटरवरून न्यायचं काम माझं.

म्हणजे त्या दिवशी मागे आबा बसले होते! ऐंशी पार केलेला माणूस मागे बसवून कोणी बहात्तरने जाईल? मी तर आबा मागे असले की दुधाचा टोप घेऊन चालल्यासारखी गाडी चालवतो. तुम्हीच सांगा, ह्याहून पक्का साक्षीदार कुठे मिळणार?

मी धावत आबांच्या घरी. ओटीवर आबा आणि सदाकाका दोघंही चहा पीत बसलेले. होय, वादी आणि प्रतिवादी! कोर्टाबाहेर त्यांचं चांगलं जमतं. किंबहुना एकमेकांशिवाय त्यांना करमत नाही.

मी चलान दाखवलं. आबांचे डोळे असे चमकले की विचारू नका. घरात नवा दावा आला होता!

"लढायचं," आबा म्हणाले. "मागे हटायचं नाय. आधी सांग, मोजणी केलीन काय त्यांनी?"

"कसली मोजणी आबा?"

"अरे, वेग म्हणजे काय? एवढं अंतर एवढ्या वेळात. मग अंतर मोजलंन कोणी? मोजणीवाला आलेला काय? हद्दीचे दगड दाखवा म्हणावं!"

"आबा, ते मशीन असतं..."

"मशीनला काय कळतंय? आमच्या बागेची मोजणी तीन वेळा झाली, तिन्ही वेळा वेगळी आली."

"दोन वेळा माझ्या बाजूने आली," सदाकाका म्हणाले.

"गप रे सदा. ह्याचं चाललंय ना आता?"

सदाकाकांनी बशीतला चहा संपवला आणि गंभीरपणे मला विचारलं, "नित्या, त्या रस्त्याने तू किती वर्षं जातोस?"

"लहानपणापासून."

"कोणी हरकत घेतली होती आजवर?"

"नाही."

"झालं तर! वहिवाट सिद्ध झाली."

"अहो काका, मला रस्ता नकोय! मी जोरात गेलो नाही, एवढंच सिद्ध करायचंय!"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. एवढ्याशा मागणीसाठी कोणी कोर्टात जातं, हे त्यांच्या पचनी पडेना.

आबा मग फोटो लांब धरून बघायला लागले. "ह्यात मी कुठाय?"

"तुम्ही माझ्या मागे होतात. हेल्मेटमुळे दिसत नाही."

"मग हा पुरावा अपुरा आहे. अर्धाच माणूस दाखवलाय."

"म्हणूनच म्हणतो आबा, तुम्ही साक्ष द्या."

"देणार तर! पण नित्या, त्या दिवशी काय झालं, आपण निघालो तेव्हा..."

"थांबा!" मी हात वर केला. इथेच माझं शिक्षण आडवं आलं बघा. "एक शब्द बोलू नका. साक्षीदाराला आधी काही विचारायचं नसतं, पढवल्यासारखं होतं. तुम्हाला जे आठवतंय, ते थेट कोर्टात सांगायचं. खरं ते."

"अरे पण मी काय म्हणतोय, ऐक तरी..."

"नाही आबा! तत्त्व म्हणजे तत्त्व."

आबा सदाकाकांना म्हणाले, "माझा वकील गेली कित्येक वर्षं मला हेच सांगतो, कोर्टात काय बोलायचं ते आधी मला सांगा. ह्याचं उलटंच."

"कॉलेजात शिकलाय तो," सदाकाका म्हणाले.

त्यानंतरही आबांनी प्रयत्न सोडला नाही. एकदा काजूच्या झाडाखाली गाठून म्हणाले, "नित्या, ती चप्पल..." मी कानांवर हात ठेवून पळालो. सुनावणीच्या सकाळी पुन्हा तोंड उघडलं, तर मी म्हटलं, "आबा, फक्त सत्य! बाकी काही नको!" मला स्वतःचा केवढा अभिमान वाटत होता म्हणून सांगू! असा साक्षीदार, ज्याला एक अक्षर शिकवलेलं नाही! असा आरोपी, ज्याला कसलीच भीती नाही!

सदाकाका एसटीने हजर. त्यांना कोणी बोलावलं होतं? कोणीच नाही. दुसऱ्याची तारीख बघायला जाणं ही आमच्याकडे करमणूक आहे.

कोर्टात गर्दी होती. मॅजिस्ट्रेट मॅडम भराभर चलानं निकाली काढत होत्या. कबूल? कबूल. दंड. पुढचा. कबूल? कबूल. दंड. माझं नाव आलं. मी छाती पुढे काढून म्हटलं, "अमान्य!"

मॅडमनी पहिल्यांदाच मान वर केली.

"माझ्याकडे प्रत्यक्ष साक्षीदार आहे," मी म्हटलं. "त्या वेळी माझ्या मागे बसलेले. मी त्यांना काहीही सांगितलेलं नाही. ते सांगतील ते मला मान्य आहे."

हे शेवटचं वाक्य मला कोणी बोलायला सांगितलं होतं का? नव्हतं सांगितलं.

आबा पुढे झाले. नमस्कार केला. जागा त्यांना पाठच होती. कुठे उभं राहायचं, हात कुठे ठेवायचे, सगळं.

"आजोबा, त्या दिवशी तुम्ही ह्यांच्या गाडीवर होतात?"

"होय मॅडम. हेल्मेट घालून. नित्या हेल्मेटशिवाय बसूच देत नाय."

मी मान आणखी ताठ केली.

"गाडी किती वेगात होती, सांगता येईल?"

"आकडा नाय सांगता यायचा. मी काट्याकडे बघत नव्हतो. माझे डोळे मिटलेले होते."

"का?"

"भीतीने."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे पोरगा गुणी आहे हो," आबा घाईघाईने म्हणाले. "चूक माझीच. माझी पूजा लांबली, तारखेला उशीर व्हायला लागला. पुकारा झाला आणि मी नसलो तर काय, म्हणून मी नुसती चुळबुळ करत होतो. ह्याला माझी दया आली. तिठा सोडला आणि जी काय हाणली गाडी, माझी एक चप्पलच उडाली पायातून! मी म्हटलं, नित्या थांब, चप्पल पडली. तर हा म्हणतो, आबा, चप्पल नवी मिळेल, तारीख नवी मिळायला सहा महिने लागतील!"

मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. मग सगळेच.

आणि मला, तुम्हाला सांगतो, तिथे उभ्या उभ्या सगळं आठवलं. शब्द न् शब्द! रत्नागिरीत पोचल्यावर बाजारात आबांना नव्या चपला मीच घेऊन दिल्या होत्या. माणूस स्वतःबद्दल इतकं चांगलं मत बाळगून असला, की असल्या गोष्टी डोक्यात राहतच नाहीत.

"आबा!" मी कळवळून म्हटलं.

"काय आबा? तूच म्हणालास ना, फक्त सत्य? दहा वेळा सांगायला आलो, कान झाकून पळालास."

मॅडम ओठ दाबून हसू आवरत होत्या. "आजोबा, तुमचे डोळे मिटलेले होते. मग गाडी जोरातच होती हे..."

"सदाला विचारा," आबा म्हणाले. "तो त्या दिवशी तारखेलाच निघालेला, एसटीने."

सदाकाका ताडकन उठले. आयुष्यभर ते ह्याच क्षणाची वाट बघत होते, असं वाटलं मला. "खरं आहे मॅडम! तिठ्याच्या पुढे ह्यांनी आमच्या एसटीला मागे टाकलं. मी खिडकीतून हात केला. ह्याने बघितलंपण नाय. कंडक्टर म्हणाला, कोण हो हा? मी म्हटलं, आमच्या गावचा आहे, पोरांना शपथ देतो."

तर हा माझा पराक्रम. ज्या दोन माणसांचं माझ्या जन्माआधीपासून कुठल्याही कोर्टात कशावरही एकमत झालं नव्हतं, त्यांचं मी एकमत घडवून आणलं. माझ्या गुन्ह्यावर!

"तुमचं काय म्हणणं?" मॅडमनी विचारलं.

"कबूल," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर आबा माझ्यावरच नाराज. "एवढ्यात कबूल केलंस? निदान एक तारीख तरी मागून घ्यायचीस!"

"आता शाळेत काय तोंड दाखवू आबा?"

"हेच दाखव. दुसरं कुठाय?" असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "माझ्यासाठीच हाणलीस ना गाडी? तेही सांग पोरांना."

बाईंना फोन करून सांगितलं, निर्दोष सुटलो नाही, शनिवारी येत नाही. बाई म्हणाल्या, "नितीन, मुकाट्याने ये. आणि आबांनाही आण."

गेलो. आबा आले, सदाकाकाही आले. मुलांसमोर उभा राहून मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पोरं हसून हसून लोळली. मग मी गंभीर झालो. म्हटलं, बघा मुलांनो, कारण कितीही चांगलं असलं तरी चूक ती चूक. चूक कबूल करायला धैर्य लागतं. छान बोललो हो! बाईंनी मान डोलावली. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात सातवीतली एक मुलगी उभी राहिली.

"दादा, चूक कबूल केलीत ना? मग सांगा, त्या दिवशी परत येताना तरी आबांची चप्पल शोधलीत काय?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. सदाकाकांनी बघितलं. बाईंनी बघितलं. अख्ख्या शाळेने बघितलं.

नव्हती शोधली. येतानाही तेवढ्याच जोरात आलो होतो.

तुमच्यात कोणी वकील असेल तर सांगा, ह्यावर अपील कुठे करतात?