बिनबैलाची बंडी

पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला होता. असलं कार्ड आमच्याकडे घरात नेत नाहीत, उंबऱ्याबाहेरच वाचतात, म्हणून पिंपळगाव राजाच्या घराच्या ओट्यावर मी ते उभ्यानंच वाचलं. जानेफळच्या शाळेच्या हेडमास्तरांनी चार ओळी लिहिल्या होत्या. वानखडे मास्तर गेले. सकाळी शाळेत निघायच्या आधी, खोलीतच, छातीत कळ येऊन. कार्ड माझ्या हातात पडलं तोवर पाच दिवस उलटून गेले होते... पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मनात आलं की, दिवाळीनंतर या माणसानं मला एक पत्र म्हणून टाकलं नाही. मग आठवलं, मीही टाकलं नव्हतं. मी रुसून बसलो होतो.

जानेफळला आम्ही दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलो. महाराष्ट्र नवा, शाळा नवी, आणि आमच्या अंगातली मास्तरकीही नवीच. तो विज्ञान शिकवायचा, मी मराठी. म्हणून तो मला ‘पंडित’ म्हणायचा आणि त्यात आदर औषधालाही नसायचा. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्याची बायको बाळंतपणात गेली होती, मूलही वाचलं नव्हतं. शाळेमागच्या एका खोलीत तो एकटाच राही. दुसऱ्या लग्नाचा विषय घेऊन येणाऱ्यांना तो चहा पाजून, त्यांच्या रेडिओची खरखर दुरुस्त करून वाटेला लावी. कसं आहे विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं, ‘झकास.’ त्याच खोलीत त्यानं ती गाडी करायला घेतली. हातभर लांबीची फळी, मोडक्या खेळण्यांतल्या दोन मोटारी, डब्यांच्या झाकणांची चाकं. ट्रान्झिस्टरच्या काचेवरचा काळा रंग ब्लेडनं खरवडला की त्याला उजेड कळतो, हे त्यानं कुठंतरी वाचलं होतं. तसे दोन ट्रान्झिस्टर डोळ्यांसारखे पुढं बसवले. जमिनीवर चुन्याची पांढरी रेघ ओढायची, आणि गाडीनं कुणी हात न लावता त्या रेघेवरून चालायचं, एवढाच त्याचा हट्ट होता. गावानं तिला नाव ठेवलं, बिनबैलाची बंडी.

बंडी चालत नव्हती. म्हणजे वीतभर चाले, मग थबके, आणि आतली, मोटारी चालू-बंद करणारी विजेची कळ टक्-टक्-टक् करत राही. हिवताप भरल्यासारखी ती जागच्या जागी थरथरायची. त्यानं तारा बदलल्या, सांधे नव्यानं जोडले, एक डोळा काढून दुसरा लावला. दर वेळी मीटर लावून सेल मोजायचा. चार सेलचे मिळून सहा व्होल्ट भरायचे, म्हणजे सेलांकडे बोट दाखवायला जागा नाही. असं सगळा हिवाळाभर चाललं. मी कंटाळून म्हटलं की, बैल जुंप आणि मोकळा हो. त्यावर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत, शाळेच्या मोकळ्या व्हरांड्यात, त्याला काय सुचलं कोण जाणे. बंडी सुरू केली आणि मीटर हातात धरून तो तिच्याशेजारून उकिडवा चालू लागला. दोन पावलं गेला नाही तोच काटा सहावरून चारच्या खाली आला. बंडी थांबली, काटा परत सहावर. बंडी निघाली, काटा परत खाली. आजवर तो सेल मोजत होता ते बंडी उभी असताना. तो तिथंच फरशीवर बसला आणि खूप वेळ हसला. मग म्हणाला, “पंडित, बसल्या माणसाले ईचारलं तं तो बराच हाय म्हणते. वझं देऊन ईचारा लागते.”

मग त्यानं डोळ्यांचे सेल वेगळे केले, मोटारींचे वेगळे. मोटारींचं ओझं पडलं तरी डोळे मिटत ना. संध्याकाळी बंडी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघेवरून गेली. बघायला मी एकटाच होतो, पण तो असा उभा होता की सारा मेहकर तालुका जमलाय. तिला थांबायचं मात्र कळत नसे. रेघ संपली तरी ती तशीच पुढं जाई, म्हणून मी इकडून सोडायची आणि त्यानं व्हरांड्याच्या काठाशी बसून तिला झेलायचं, असं आमचं ठरून गेलं. सेलवर ओझं टाकून तपासायला त्यानं टॉर्चच्या बल्बाला दोन तारा जोडून ठेवल्या होत्या. बाजाराच्या दिवशी लोक नवा सेल घेऊन आधी त्याच्याकडे येत. दुकानदार त्याला शिव्या घालायचा.

पुढं माझी बदली झाली. मी वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुटीत, जानेफळला जायचो. खाटेवर बसायचो, “कसं काय मास्तर?” विचारायचो, आणि तो खाटेवर बसूनच “झकास” म्हणायचा. परत निघताना माझी पिशवी हिसकावून घेऊन तो मोटार स्टँडपर्यंत यायचा, हा आमचा रिवाज. गेल्या दिवाळीत त्यानं पिशवीला हात लावला नाही. शाळेच्या फाटकापाशी, लिंबाखालच्या दगडावर बसला आणि म्हणाला, “तू हो पुढं. चपलेचा अंगठा तुटून राह्यला.” मी त्याच्या पायांकडे पाहिलं. अंगठा धड होता. मला वाटलं, आता आपला कंटाळा आला याला. एवढा पंडित मी, आणि अर्थ काढला तो हा.

दहा-बारा दिवसांनी त्याची खोली आवरायला गेलो, तेव्हा हेडमास्तरांनी मेहकरच्या डॉक्टरची चिठ्ठी दाखवली. दिवाळीच्या आधीची होती. ओझं उचलू नये, फार चालू नये... मी ती दोनदा वाचली आणि बाहेर जाऊन त्या दगडावर बसलो. त्या दिवाळीत माझ्या पिशवीत जेमतेम दोन धोतरं आणि फराळाचा डबा होता. ‘धर बे जरा’ म्हणून ती त्याच्या हातात दिली असती, तरी मला कळलं असतं.

बंडी आणि तो बल्ब मी घरी आणला. महिनाभर हात लावायचा धीर झाला नाही. परवा रविवारी नवे सेल आणले, एकेक बल्बावर लावून पाहिला, ओट्यावर चुन्याची रेघ ओढली आणि बंडी सोडली. झकास निघाली. अर्ध्यावर गेली तेव्हा माझ्या ध्यानात आलं की पलीकडच्या टोकाला कुणी नाही. मी धावलो. या वयात जसं धावता येतं तसं. काठावर तिचं पुढचं चाक बाहेर गेलं होतं तेव्हा हाताला लागली. तिला मांडीवर घेऊन मी तिथंच बसलो. चाकं फिरतच होती. बंद करायचं बटण कुठं आहे ते मला ठाऊक होतं, पण बंद करवेना.

आवाज ऐकून बायकोनं आतून विचारलं, “काय झालं हो? बरं हाये ना?”

“हाव,” मी बसल्या जागेवरून म्हटलं, “बरा हाय.”