पडद्यावरचं माझं तोंड

“थांबवा. इथंच थांबवा,” सर म्हणाले, आणि पडद्यावर माझं तोंड उघडंच राहिलं.

वर्गातल्या मोठ्या पडद्यावर. दात भिंतीएवढे. डोळे अर्धे मिटलेले. आधी मागच्या बाकावरून एक जण हसला, मग सगळा वर्ग.

“काय म्हणाली ही? परत लावा.”

परत लावलं. पडद्यावरची मी म्हणाली, “मी जयगावची आहे.”

“जयगाव?” सर म्हणाले. “हे कुठलं गाव? जिला स्वतःच्या गावाचं नाव घेता येत नाही, तिला कामावर कोण घेणार?”

जळगावला आमच्याकडं जयगावच म्हणतात. आमच्या गावाचं नाव आम्हाला शिकवणारा हा माणूस पुण्याहून आलेला. जळगावात, भर एप्रिलात, कोट घालून. पंखा त्याच्याकडे वळवलेला, तरी मानेवरचा घाम कॉलरमध्ये उतरत होता. आणि तो आम्हाला चांगलं कसं दिसावं ते शिकवत होता.

कॉलेजात एका कंपनीची भरती होती. मुलाखतीला माणूस येणार नव्हता. मोबाइलवर प्रश्न उमटतो, आकडे उलटे पळायला लागतात, आणि समोर कुणी नसताना हसून बोलायचं. ते रेकॉर्ड होतं. पुढं ते कोण बघतं, कुणाला ठाऊक नाही. त्याची तयारी करून घ्यायला कॉलेजनं या सरांना बोलावलं होतं. प्रत्येकानं घरून सरावाचा एक व्हिडिओ पाठवायचा.

मी पिंप्राळ्यातल्या आमच्या खोलीत केला. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून. बाप रंगकाम करतो. त्यानं माझ्यामागची भिंत मुद्दाम रंगवून दिली. माय शेजारणीला सांगून आली, घडीभर मिक्सर लावू नको. मी बोलत होते तेवढा वेळ ती दोघं दाराबाहेर गुपचूप उभी होती. खोकलासुद्धा दाबून. त्या व्हिडिओचा हा तमाशा.

“कॅमेऱ्याला उजेड लागतो,” सर पुढं म्हणाले. “हिच्या रंगाला दोन दिवे जास्तच.”

परत हसू. हसणाऱ्यांत माझ्याच रंगाची पोरं होती. त्यांची कीव आली नाही मला. किळस आली.

सरांच्या हातातल्या लेझरचा लाल ठिपका माझ्या कपाळावरून सरकत मागच्या भिंतीवर गेला. तिथं फोटो. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. नाव सांगायची गरज नाही. सरांनीही घेतलं नाही.

“हे काढायचं. मुलाखतीत राजकारण नको. मागची भिंत कोरी पाहिजे.”

आदल्याच तासाला सरांनी नमुना म्हणून स्वतःचा व्हिडिओ दाखवला होता. त्यांच्या मागं देव्हारा होता. समई पेटलेली.

मी उभी राहिले.

“सर, तुमच्या मागं देव्हारा होता.”

“ते संस्कार आहेत. बस खाली.”

त्यांच्या भिंतीवर असेल ते संस्कार. आमच्या भिंतीवर असेल ते राजकारण. इतकं सोपं. आणि एवढ्यासाठी कॉलेजनं माणूस बाहेरून आणला.

मी बसले नाही.

“फोटो काढणार नाही.”

“मग तुझं नाव पुढं जाणार नाही.”

“नका पाठवू.”

खरंच पाठवलं नाही. घरी सांगितलं. मायनं एवढंच विचारलं, “तो कोन शे सांगनारा? आपला घरनी भिंत शे.” आणि भाकरी थापायला बसली.

तिथंच संपलं असतं. पण पावसाळा सरता सरता मावसबहिणीचा फोन आला. ती धुळ्याला कॉलेजात शिकते.

“ताई, आमना वर्गमा सरनी तुना व्हिडिओ दखाडा. कसं बोलू नही, ते सांगाले. बठ्ठा पोरं हासनात.”

तोच माणूस. माझं तोंड घेऊन गावोगाव फिरत होता. त्यावर त्याचं पोट चाललं होतं.

मी रडले नाही. सकाळची एसटी धरली आणि धुळ्याला उतरले. बहिणीनं वर्ग दाखवला. दार लोटून आत गेले.

पडद्यावर तेव्हा दुसरी मुलगी होती, डोक्यावरून ओढणी घेतलेली. ती स्वतः पहिल्या बाकावर बसलेली, मान खाली. सर म्हणत होते, “ही ओढणी कॅमेऱ्याला खटकते.”

मला बघून ते थांबले. ओळखलं नाही. इतके दिवस माझं तोंड दाखवत होते, पण समोर उभं राहिल्यावर ओळखेनात.

“तुमच्याकडं माझा व्हिडिओ आहे,” मी म्हणाले. “तो काढून टाका. आत्ता. सगळ्यांसमोर.”

मग ओळखलं. हसले. तेच गुळगुळीत हसू, जे ते पोरांना शिकवतात.

“अगं, शिकवण्यासाठी आहे तो. नाव कुठं घेतलं तुझं?”

“तोंड घेतलं ना.”

“तू नोकरीचं बघ आधी. लागली का कुठं?”

“नाही लागली. व्हिडिओ काढा. नाहीतर मी इथून थेट पोलीस ठाण्यात जाते.”

या वेळी कुणी हसलं नाही. सरांनी लॅपटॉप ओढला. कॅमेऱ्यासमोर हात कुठं ठेवावेत याचा त्यांचा एक अख्खा तास असतो. त्यांना आता स्वतःचे हात कुठं ठेवावेत ते कळेना. मी शेजारी उभी राहून बघितलं. फाइल गेली. लॅपटॉपवरच्या कचऱ्याच्या खोक्यातूनही काढायला लावली.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची ती मुलगी उठली.

“सर, मेरा भी निकालो.”

तिच्यामागून आणखी एक उठली. मग माझी मावसबहीण.

मला नोकरी अजून लागलेली नाही. मी व्हिडिओ पाठवते, नकार येतो. ‘तुमची निवड होऊ शकली नाही.’ खाली सही नाही, माणूस नाही, कारण नाही. पूर्वी मी ते वाचून मोबाइल बंद करायचे. आता करत नाही. प्रत्येक नकाराला उलट लिहिते. माझ्यात काय कमी होतं ते शब्दांत सांगा. आवाज म्हणा, रंग म्हणा, घर म्हणा, जात म्हणा, पण तोंड उघडून म्हणा. उत्तर येत नाही. मी परत लिहिते. मला नाकारणाऱ्याला मी गप्प बसून नाकारू देणार नाही.