रश्नपातची पाच हातांची चूक

उर्दान गावात रश्नपातला ताठ उभा राहिलेला कुणीच पाहिला नव्हता. चाळीस वर्षं भुयारात वाकून काढलेली, त्यामुळे वर उन्हात आला तरी पाठ वाकलेलीच राहायची. डोळे दिव्याच्या धुरानं तांबारलेले, गुडघ्यांवर घट्टे, आणि जीभ? जिभेला मात्र धार! "वर बसून सल्ले द्यायला काय लागतं?" तो गावकऱ्यांना सुनवायचा. "खाली या, हातभर खणून दाखवा, मग बोला." खाली कुणी जात नव्हतं. कुणाची छाती होती!

आणि काम तरी कसलं! डोंगराच्या पायथ्याशी पाणी लागेपर्यंत खोल विहीर खणायची, ती मायविहीर. मग खाली उतारावर, शेतांच्या डोक्याशी तोंड पाडायचं आणि तिथून जमिनीच्या पोटातून भुयार खणत थेट त्या विहिरीला जाऊन भिडायचं. उतार इतका हलका ठेवायचा की पाणी चालावं, धावू नये. धावलं की ते भुयारच खाऊन टाकतं. हे सगळं रश्नपात एक गाठींची दोरी, पाण्याचा एक वाडगा आणि दोन दिवे एवढ्यावर करायचा. दिवे मागे एका रेषेत टांगायचे. वळून पाहिलं आणि एक ज्योत दुसरीमागे लपली, की दिशा बरोबर. ना कागद ना आकडेमोड. आता असा माणूस कुठं दाखवा मला!

पाण्याचा मान तर असा राखायचा की बस्स. खाली कितीही वेळ लागो, लघवीला झाली की हवेसाठी पाडलेल्या भोकातून तीस हात दोर चढून वर यायचा. गुडघे कुरकुरायचे, तोंडानं शिव्या चालायच्या, पण वाहत्या पाण्यात थुंकणंसुद्धा नाही. "उद्या पोरं पितील ते," म्हणायचा.

स्वतःची म्हणून त्याला वीतभर जमीन नव्हती. अकरा गावांना पाणी दिलं आणि अकराही गावांतून जातं गाढवावर लादून निघाला. बायको इर्केझा दर वेळी मागून चालायची, दर वेळी म्हणायची, "आता पुढच्या गावात तरी." उर्दानमध्ये मात्र खरंच नशीब उघडलं होतं. राजाचा नियमच होता: कोरड्या जमिनीवर जो पाणी आणील, त्याला ती जमीन पाच पिढ्या कसायला. गावाचा प्रमुख उकामा यानं ठरवून टाकलं होतं, की भुयाराच्या तोंडाशी जे पहिलं शेत भिजेल ते रश्नपातचं. त्याखालचं उकामाचं, मग बाकीच्यांची. बावीस घरांनी तीन वर्षं शेजारगावचं पाणी उसनं पिऊन, त्यांचे टोमणे गिळून ही वाट पाहिली होती.

वसंतात एके दिवशी कुदळ आरपार गेली. गार पाण्याचा लोंढा रश्नपातच्या छातीवर आदळला. तो कसाबसा सरपटत बाहेर आला आणि त्याच्या मागोमाग पाणी. बायका हसत होत्या, रडत होत्या. उकामानं त्या चिखलानं माखलेल्या म्हाताऱ्याला मिठी मारून त्याच्या ओठांचं चुंबन घेतलं. आमच्याकडे ओठांचं चुंबन म्हणजे बरोबरीचा मान. कमी मानाच्या माणसापुढं नुसता गाल येतो. इर्केझानं ते पाहिलं आणि पदरानं डोळे पुसले. तीन दिवसांनी राजाचा माणूस येऊन मातीच्या पाटीवर मोहोर उठवणार होता.

दुसऱ्या दिवशी पाणी शांत झाल्यावर रश्नपात गाळ काढायला मायविहिरीपर्यंत गेला. भुयाराच्या टोकाशी उभा राहिला आणि त्याला काहीतरी खटकलं. पायाखाली विहिरीचा तळ लागायला हवा होता. तिथं काळंभोर पाणी उभं होतं. त्यानं दोरीला दगड बांधून खाली सोडला. एक गाठ बुडाली, दोन बुडाल्या, तीन, चार, पाच. पाचव्या गाठीला दगड टेकला. पाच हात! भुयार पाच हात वर शिरलं होतं. खालचं ते पाणी कधीच बाहेर येणार नव्हतं. तो वरची साय तेवढी काढून नेत होता. चांगल्या सालात ठीक आहे; पण दोन साल पाऊस रुसला, विहिरीतलं पाणी पाच हात उतरलं, की भुयार ठणठणीत कोरडं.

चुकलं कुठं? तिथंच ओल्या जमिनीवर बसून त्यानं आठवलं, आणि आठवल्याबरोबर कपाळावर हात मारून घेतला. कामाच्या सुरुवातीला राजाच्या माणसानं नवी कोरी दोरी दिली होती, तांबड्या सुताची, राजहातानं गाठी मारलेली. राजहात म्हणजे साध्या हातापेक्षा तीन बोटं मोठा. हे शेंबड्या पोराला ठाऊक. पण राजाची दोरी आपल्या हाती, या तोऱ्यात गड्यानं मायविहीर त्या दोरीनं मोजली: चाळीस. आणि बाकी सगळं भुयार आपल्या जुन्या दोरीनं. हात चोवीस बोटांचा; चाळीस हातांत तीन-तीन बोटं वाढत गेली आणि पाच हातांचा खड्डा पडला. दुसऱ्या कुणाकडून झाली असती तर रश्नपातनं त्याला गावभर गाढव म्हणून हिणवलं असतं.

घरी येऊन त्यानं इर्केझाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले.

"आता काय करायचं?"

"भुयाराचा तळ पाच हात खोल घ्यायचा. मग तोंड खाली सरकेल. दोन वर्षांचं काम."

"आणि तोंडाशी जे शेत आहे..."

"ते वर राहील. कोरडं. उकामाचंही."

इर्केझानं अर्धवट थापलेली भाकरी मोडून पुन्हा गोळा केला. मग म्हणाली, "दोन दिवस गप्प बसायला काय जातं हो तुमचं? मोहोर उठू द्या. पाणी वाहतंय ना? लोकांना दिसतंय ना?"

"खोटं बोलू?"

"खोटं कुठं बोला म्हणते? गप्प बसा म्हणते!"

"तेच ते. नुसतं तोंड मिटून."

"जा मग!" तिनं पिठाचा गोळा परातीत आपटला. "अकरा गावं झाली, बारावं होऊ दे! मरेपर्यंत चालवा मला!" आणि ती रडली. रश्नपातला वाटलं होतं ती भांडेल. रडण्याची त्यानं तयारी केली नव्हती. तो उंबऱ्यावर बसून राहिला. मनात आलं, गप्प बसावं. कोण उतरणार होतं खाली मोजायला? पहिला दुष्काळ येईल तेव्हा आपण मातीत गेलेले असू. खोटं कशाला सांगू, पुरता एक दिवस तो तसा गप्प बसला.

मोहोरेच्या दिवशी सकाळी चिनाराखाली सगळे जमले. राजाचा माणूस बगपान लेखनिकाला घेऊन आला होता. रश्नपात उभा राहिला, म्हणजे जेवढा राहता येत होता तेवढा, आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. दोरी, तोरा, पाच हात, दोन वर्षं, कोरडी पडणारी दोन शेतं. काही लपवलं नाही.

उकामा लालबुंद झाला. "तीन वर्षं! तीन वर्षं तुला पोसलं आम्ही! आणि तू मिरवत होतास राजाची दोरी?"

"मिरवत होतो," रश्नपात म्हणाला.

"आज पाणी वाहतंय की नाही?"

"वाहतंय."

"मग पुढचं पुढे बघू! याला काढा, मोहोर उठवा!" त्यावर झाडून सगळ्यांनी मान हलवली. रश्नपात निरोप घ्यायला पुढं झाला, तर उकामानं गाल पुढं केला. रश्नपातनं त्या गालावर ओठ टेकले आणि मागं सरला.

बगपान मोहोर काढणार, एवढ्यात करकिश मेंढपाळ ओरडला, "अहो साहेब, थांबा! हे कोरड्या तोंडानं ठरलंय!"

करकिशला फुकटच्या द्राक्षाच्या दारूचा सोस होता हे जगजाहीर, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आमची रीत तशीच आहे. शुद्धीत ठरवलेली मोठी गोष्ट संध्याकाळी सुरई पुढं घेऊन पुन्हा बोलायची, आणि पिऊन ठरवलेली सकाळी शुद्धीत पुन्हा तपासायची. दोन्ही वेळा टिकली तरच ती खरी. परके आम्हाला हसतात. हसू द्या. बगपाननं मोहोर थैलीत ठेवली आणि म्हणाला, "उद्या."

डोंगरावर ऊन असतानाच सुरया उघडल्या. अक्रोड, सुके अंजीर, भाजलेलं कोकरू. आधी सगळे रश्नपातच्या नावानं खडे फोडत होते. तो एका कडेला बसला होता, रीत म्हणून. चौथ्या पेल्याला उकामा गप्प झाला. सहाव्याला एकदम म्हणाला, "माझी आई शेजारगावाहून पाणी आणायची. त्या बायका तिला शेवटी भरू द्यायच्या. गढूळ झालं की."

करकिशनं पुढं केलेला पेला त्यानं बाजूला सारला.

"मला बापानं कोरडी जमीन दिली," उकामाचा आवाज चिरकला. "मी काय देतोय? पाच पिढ्यांची पाटी आणि दोन पिढ्यांचं पाणी! नातवाच्या पोराला पाटी चाटायला लावू?" तो धडपडत उठला, रश्नपातपाशी गेला आणि धपकन त्याच्या शेजारी बसला. "अरे थेरड्या, तू गप्प बसला असतास तर आम्हाला कळलं असतं का रे?"

"नाही."

"ऐका रे सगळे! माझं शेत गेलं कोरडं तर जाऊ दे. दोन वर्षं आपण सगळे खाली उतरू. मीसुद्धा! आणि खाली कोरड्या ओढ्याकडे जी माझी पट्टी आहे, तिच्यातली निम्मी या माणसाची. हा आता कुठं जाणार नाही." आणि तो ढसाढसा रडला. सगळं गाव "बरोबर! बरोबर!" म्हणून ओरडलं. करकिश तर उगाचच दोनदा ओरडला.

सुरईच्या शब्दावर विसंबणारा माणूस रश्नपात नव्हता. सकाळी उठून त्यानं गाढवावर सामान लादलं, दोर आवळला आणि मगच चिनाराकडे निघाला. इर्केझा बरोबर आली. बायका तिथं येत नाहीत, पण तिला अडवायची कुणाची हिंमत झाली नाही.

उकामा डोक्याला ओलं फडकं बांधून बसला होता. चेहऱ्यावरून दिसत होतं की रात्रभर पोरांनी त्याचा जीव खाल्लाय. दोघंही तगडे पोरगे मागं उभे होते, हाताची घडी घालून.

"काल काय ठरलं?" बगपाननं विचारलं. "ज्यानं मांडलं त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगावं."

उकामानं घसा खाकरला. "काल... काल जरा जास्तच झाली होती."

थोरला पोरगा चटकन म्हणाला, "त्यांना काही आठवत नाही."

सगळे उकामाकडे पाहत राहिले. एवढंच त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हटलं असतं की सुटला असता. पिलेल्या माणसाचं विसरणं कोण पडताळून बघणार? शुद्धीतला कालचा निकाल कायम, मोहोर उठणार, शेत राहणार, पट्टी राहणार. रश्नपातच त्याच्या मदतीला धावला. "पेल्यातलं बोलणं होतं ते. मी धरून बसलेलो नाही. गाढव तयार आहे माझं."

उकामानं मान वर केली. त्या वाकलेल्या म्हाताऱ्याकडे त्यानं इतका वेळ पाहिलं की पोरगे चुळबुळायला लागले.

"तू गप्प बस रे!" तो एकदम खेकसला आणि डोकं ठणकल्यामुळे त्यानं डोळे गच्च मिटले. "आठवतंय मला. शब्द न् शब्द आठवतोय. दोन वर्षं आम्ही सगळे खणणार. माझं वरचं शेत गेलं. ओढ्याकडची निम्मी पट्टी याची. आता शुद्धीत सांगतोय, लिहा." मागं न पाहता त्यानं पोरांना बजावलं, "आणि तुम्ही दोघं कुदळी आणा."

बगपाननं वर्तुळाकार मान फिरवून सगळ्यांकडे पाहिलं. नाही कुणीच म्हणालं नाही. लेखनिकानं ओल्या मातीत टोचत टोचत लिहिलं, मग सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटी आलं: भुयार खणणारा रश्नपात, उर्दान गावचा, त्याला आणि त्याच्या मागच्यांना, पाच पिढ्या.

"उर्दान गावचा" ऐकल्यावर रश्नपात खालीच बसला. आयुष्यभर लोकांनी त्याला नुसतं "तो खणणारा" म्हटलं होतं.

इर्केझा पुढं गेली. "नाव कुठंय यांचं?"

लेखनिकानं काडीनं दाखवलं. तिनं त्या ओल्या मातीवर बोट ठेवलं.

"अहो बाई, हात नका लावू! ठसा उमटेल!"

"उमटू दे," इर्केझा म्हणाली, आणि तिनं बोट आणखी दाबलं.